घरात आजी, बाहेर बाई

दादा, म्हणजे आमचे वडील, कलकत्त्याला गेले ते माझ्या थोरल्या बहिणीला आणायला. परत आले तेव्हा त्यांच्याबरोबर दोघी होत्या. ठाण्याहून येणारी एसटी पनवेलच्या स्टँडवर उभी राहिली, आधी दादा उतरले, मग एक उंच, रागीट चेहऱ्याची मुलगी, आणि तिच्या दंडाला धरून एक एवढीशी म्हातारी. कमरेला लुंगीसारखं वस्त्र, वर पांढरं आखूड जाकीट, आणि डोक्याच्या मधोमध बांधलेल्या बुचड्यात प्रवासात सुकून गेलेलं एक फूल. माझ्या खांद्यावर आईचा हात होता. तो एकदम घट्ट झाला आणि आईच्या तोंडून एक शब्द निघाला. "अमे." हा शब्द मी त्याआधी कधी ऐकला नव्हता, तरी त्याचा अर्थ मला कळला. म्हातारीनंही तो ऐकला आणि ती माणसांतून वाट काढत आमच्याकडे येऊ लागली.

दादा ज्या लाकडाच्या वखारीत कारकून होते तिचे मालक सामानासाठी बैलगाडी घेऊन स्वतः स्टँडवर आले होते. मनानं चांगले गृहस्थ. दादांना बाहेर सगळे नाना म्हणत. मालकांनी विचारलं, "काय हो नाना, तुम्ही तर मुलीला आणणार होतात. ह्या कोण?" दादांनी रुमालानं मान पुसली. मग म्हणाले, "ही आमची थोरली. आणि ती बाई म्हणजे... दाई आहे तिची. लहानपणापासून सांभाळलंय, पोरीला सोडायला तयार होईना." मालक म्हणाले, "इमानी असतात तिकडचे लोक." आई हे सगळं दोन हातांच्या अंतरावर उभी राहून ऐकत होती. तिनं म्हातारीकडे पाहिलं, दादांकडे पाहिलं, आणि खाली वाकून पत्र्याची ट्रंक उचलली. आपल्या आईला ती अकरा वर्षांनी भेटत होती.

आता ही अकरा वर्षं कशी मध्ये आली ते सांगते. दादा मूळचे चिपळूणकडचे. तरुणपणी रंगूनला गेले, सागाच्या एका वखारीत हिशेबनीस झाले आणि तिथल्याच, ब्रह्मी, मुलीशी त्यांनी लग्न केलं. तीच माझी आई. तिचं तिकडचं नाव दादांनी बदलून तारा ठेवलं. रंगूनवर बॉम्ब पडू लागले तेव्हा माझी बहीण पाच वर्षांची होती आणि नदीनं दोन दिवसांच्या वाटेवर आजीच्या गावी गेलेली होती. दादांना बोटीवर जागा मिळाली ती त्याच दिवसाची. मी आईच्या पोटात होते. "महिनाभरात परत येऊ आणि तिला घेऊन जाऊ," असं सांगून दादांनी आईला बोटीवर चढवलं. पुढं लढाई, मग तिकडचं राज्य बदललं, मग परवाने, मग दादांचं आज-उद्या. चिपळूणला दादांचे थोरले भाऊ होते, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. त्यांना दादांनी कळवून ठेवलं होतं की बायको आपल्यातलीच आहे, रंगूनच्या एका मराठी ठेकेदाराची मुलगी, आईबाप लढाईत गेले. अण्णांना हे पटलं नसावं. त्यांनी कधी घरी बोलावलं नाही. म्हणून दादा चिपळूणला न जाता पनवेललाच राहिले, आणि आयुष्यभर चिपळूणच्या वाटेकडे डोळे लावून बसले. आईला त्यांनी नऊवारी नेसायला शिकवली, हळदीकुंकू शिकवलं, मराठी तर इतकं घोटून घेतलं की फक्त 'र' म्हणताना तिची जीभ थोडी अडखळे. माझ्या कानावर तिची भाषा तिनं कधी पडू दिली नव्हती.

आमचं घर म्हणजे वखारीच्या मागच्या दोन खोल्या आणि पडवी. पनवेल त्या काळी बैलगाडीच्या चाकांसाठी नावाजलेलं होतं, आणि आमच्या पडवीसमोरच चाकांचा कारखाना होता. सकाळपासून तासणीचा आवाज, दुपारी शेणी पेटवून लोखंडी धाव तापवायची, लालभडक झाली की चार माणसांनी चिमट्यांनी धरून चाकावर बसवायची आणि वरून घागरी ओतायच्या. पाण्याचा फिस्स आवाज व्हायचा आणि जळक्या लाकडाचा धूर घरभर भरायचा. पलीकडे भातगिरणी. तिचं तूस उडून वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायचं. आज मी कामोठ्याला मुलाच्या फ्लॅटमध्ये सहाव्या मजल्यावर राहते, खाली क्लासला येणाऱ्या मुलांचा कलकलाट असतो, पण डोळे मिटले की कानात येतो तो घागर ओतल्याचाच आवाज.

त्या संध्याकाळी दादांनी मला पडवीत बोलावलं. शांतपणे, समजावून सांगितलं. "कुसुम, ती तुझी आजी आहे. घरात आजी म्हण, काही हरकत नाही. बाहेर मात्र बाई म्हणायचं." मी विचारलं, का? "लोक नाही नाही ते विचारतात. तुझ्या ताईचं लग्न व्हायचंय, तुझं व्हायचंय." मला त्यात काही विशेष वाटलं नाही. लहान मुलांना घरातली आणि बाहेरची अशा दोन रीती पाठ असतातच. उंबरठा ओलांडला की आजीची बाई व्हायची आणि परत आत आलं की बाईची आजी. कडूपणा कळायला मला स्वतःला मुलं व्हावी लागली.

आजीला मराठीचं एक अक्षर येत नव्हतं आणि त्यावाचून तिचं काही अडतही नव्हतं. ती पहाटे उठून लाकडाच्या एका सालीचं गंध उगाळायची आणि स्वतःच्या, ताईच्या आणि माझ्या गालांवर त्याचे गोल पट्टे ओढायची. शाळेत निघताना आई ते ओल्या फडक्यानं पुसून टाकायची. मग आजी पडवीच्या कोपऱ्यात बसून बोटाएवढी जाड चिरूट ओढायची. दादांना ते खपत नसे. ते तिला काही बोलत नसत, आईला बोलत. आई आत जाऊन तिच्या भाषेत काहीतरी सांगायची, आजी हसून मान डोलवायची आणि चिरूट घेऊन न्हाणीच्या मागे जाऊन बसायची. आईचा तिच्या भाषेतला आवाज मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला. तो आमच्या आईचा आवाजच नव्हता. बारीक, भरभर, शेवटी वर उचललेला. त्या आवाजात ती लाडात आल्यासारखी वाटायची, आणि दादांची पावलं वाजली की मध्येच तुटायची.

आजीची खरी गट्टी जमली ती कोळीवाड्यातून मासळी घेऊन येणाऱ्या गौराबाईशी. गौराबाई धिप्पाड, काळीसावळी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. ती टोपली उतरवायची आणि आजी एकेक मासा उलटून त्याचे कल्ले पाहायची. दोघी आपापल्या भाषेत तासभर बोलत बसायच्या. "म्हातारे, जवला घे गो, ताजा हाय," गौराबाई म्हणायची, आणि आजी ब्रह्मीत उत्तर द्यायची, आणि सौदा व्हायचा. जवला मिठात मुरवून आजीनं बरणीत जी चटणी घातली तिचा वास वखारीच्या फाटकापर्यंत गेला. शेजारणींनी नाकाला पदर लावला. गौराबाईनं बोटानं चाटून पाहिली आणि म्हणाली, "आमची पण अशीच असती." केळीचा घड उतरवला की कुणाच्या तरी परसातून आजी तिचा गाभा मागून आणायची, चकत्या करून माशाच्या कालवणात शिजवायची, बेसन लावून ते दाट करायची आणि शेवयांवर ओतायची. वरून लिंबू, तळलेला लसूण. मी तीन वाडगे खायची. आई ते कधी मागून घेत नसे. आजी वाढायची तेव्हा मात्र पाठमोरी बसून खायची, आणि वाडगा इतका पुसून खायची की धुवायची गरज पडू नये.

ताईचं तिकडचं नाव म्या. दादांनी मंदा ठेवलं. ती त्या नावाला ओ द्यायची नाही. आईशी ती वाईट वागत नसे, पण आईला ती कुठल्याच नावानं हाक मारत नसे. पहिल्या दिवशी आईनं तिला जवळ घ्यायला हात पुढे केले तेव्हा ती दोन पावलं मागे सरून आजीच्या आड झाली होती, आणि पुढचे दहा महिने ती तिथंच राहिली असं म्हटलं तरी चालेल. आईनं तिच्यासाठी काय करायचं ठेवलं नाही! केसांना तेल लावायला बसायची, तर ताई उठून जायची. परकर-पोलकी शिवली, ती घडीही न मोडता खुंटीवर राहिली. एकदा आई न राहवून ब्रह्मीत काहीतरी खूप वेळ बोलली. रडत, हात जोडत. ताईनं सगळं ऐकून घेतलं आणि दोनच शब्द बोलली. ते काय होते हे मी पुढं अनेक वर्षांनी आईला विचारलं. आई म्हणाली, "ती म्हणाली, बोट मोठी होती."

माझ्याशी मात्र ताई बोलायची. माझ्या शाळेच्या पुस्तकांवरून ती मराठी शिकली, फार लवकर शिकली. बोलायची तुटक, पण समजायचं तिला सगळं. एका दुपारी मी पाढे लिहीत होते. तिनं विचारलं, "दाई म्हणजे काय?" मी सांगितलं, दुसऱ्याचं मूल पगारावर सांभाळते ती. "आणि बाई?" मी म्हटलं, कोणतीही बाई. कामाला येते तिलाही म्हणतात. ताई उठली. न्हाणीमागे आजी चिरूट ओढत बसली होती, तिच्याजवळ जाऊन ती तिचे पाय दाबत बसली.

मग चिपळूणहून अण्णांचं बोलावणं नव्हे, अण्णाच येणार असल्याचं कळलं. त्यांच्या मेहुण्याचा मुलगा होता, महाडला दुकान होतं, पहिली बायको बाळंतपणात गेलेली. मुलगी पाहायला अण्णा, काकू आणि मुलाची आई अशी तिघं येणार होती. दादांचा चेहरा त्या आठवड्यात असा उजळला होता की मला त्यांच्याकडे बघवत नसे. इतक्या वर्षांनी भाऊ दारात येणार! त्यांनी पडवीला चुना काढला, जवल्याची बरणी वखारीच्या मागे नेऊन पुरली, आणि आजीची बुद्धाची मूर्ती फडक्यात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवली. दादांना मी दुष्ट म्हणणार नाही. त्यांनी कुणावर कधी हात उगारला नाही. आपल्या माणसांत परत जायचं एवढंच त्यांना हवं होतं, आणि त्या दाराच्या रुंदीत आम्ही सगळे मावत नव्हतो.

पाहुणे आले त्या सकाळी आजी कुणाच्याही आधी तयार होती. नवं पांढरं जाकीट, केसांत चाफ्याचं फूल. नातीला पाहायला माणसं येणार म्हणजे काय ते तिला समजत होतं. दादांनी आईकडे पाहिलं. आईनं आजीच्या केसांतलं फूल काढून घेतलं, तिच्या अंगावर स्वतःचं एक जुनं लुगडं गुंडाळलं, आणि कानाशी तोंड नेऊन काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते देव जाणे. आजीनं आईच्या गालाला हात लावला आणि चुलीपुढं जाऊन बसली.

बैठकीला जाजम घातलं होतं. अण्णा दादांसारखेच दिसत, फक्त जाड. काकू आईकडे टक लावून पाहत होत्या. "चेहरा अगदी तिकडचा झालाय हो," त्या म्हणाल्या. "हवेनं होतो म्हणतात." आई हसली. ताई मान खाली घालून पाटावर बसली होती. त्या दिवशी तिनं लुगडं नेसायला नकार दिला नव्हता, याचंच आम्हांला नवल वाटलं होतं. तेवढ्यात आजी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. तिनं आधी मुलाच्या आईसमोर गुडघे टेकून, दोन्ही हातांनी कप पुढे केला. ब्रह्मी लोकांत वडीलधाऱ्यांना असंच देतात. मुलाच्या आईला ते फार आवडलं.

"ही कोण?"

"कामाला आहे," दादा म्हणाले. "मंदाबरोबर आलेली."

"काय अदबीनं वागते! आमच्याकडच्या बायका कप आदळतात." मग त्या आईकडे वळल्या. "विश्वासू आहे का हो? लग्नानंतर मुलीबरोबर पाठवाल तर बरंच होईल. मलाही घरात कोणी हवंच आहे."

आईला गप्प राहता आलं असतं. दादांनीच उत्तर दिलं असतं. पण आई म्हणाली, "हो. जुनी बाई आहे. बरी आहे."

ताई पाटावरून उठली. तिनं आजीच्या हातातला ट्रे काढून घेतला आणि खाली ठेवला. आजीला खांद्याला धरून जाजमाच्या मधोमध बसवलं, तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि जमिनीला कपाळ टेकून तीन वेळा नमस्कार केला. मग तशीच मागे वळली. "ही माझी आई," ती म्हणाली. तिचं मराठी त्या वेळी अजिबात अडखळलं नाही. "आणि ती," तिनं आमच्या आईकडे बोट केलं, "ती हिची मुलगी."

समोरच्या कारखान्यात धाव बसवायचं चाललं होतं, माणसं एकमेकांना ओरडून सांगत होती. ताई काय म्हणाली त्यातलं आजीला काहीही कळलं नव्हतं. सगळे आपल्याकडे पाहताहेत आणि नात आपल्याकडे हात करून काही सांगतेय, एवढंच तिला दिसलं. आपली ओळख करून दिली असं तिला वाटलं असावं. तिनं पाहुण्यांकडे पाहून तोंडभर हसून हात जोडले.

अण्णा उठले. टोपी घालताना दादांना म्हणाले, "नाना, मला वाटलंच होतं. पण तू माझ्या तोंडावर खोटं बोलशील असं वाटलं नव्हतं." दादा त्यांच्यामागून फाटकापर्यंत गेले. मी पडवीतून पाहत होते. अण्णा एकदाही मागे वळले नाहीत.

दादा परत आले ते ओरडलेसुद्धा नाहीत. ताईच त्यांच्यासमोर उभी राहिली. "आम्ही परत जातो," ती म्हणाली. दादा म्हणाले, "बरं." मी आईकडे पाहिलं. आई आता काही बोलेल, निदान आजीला तरी ठेवून घ्या म्हणेल, असं मला वाटलं. आई कप गोळा करत होती. पाहुण्यांनी टाकलेला चहा तिनं एका कपात ओतून घेतला आणि सगळे कप न्हाणीत नेले.

परवान्यांचं काम होईपर्यंत त्या दोघी आमच्याकडेच होत्या. त्या दिवसांत ताई आईशी एक शब्द बोलली नाही. आजी मात्र पहिल्यासारखीच. तिला कुणी काही सांगितलं होतं की नाही, मला अजून माहीत नाही. निघायच्या सकाळी तिनं मला गंध लावलं आणि ते कुणी पुसलं नाही. स्टँडवर आई आली होती. आजीनं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून तो हुंगला. त्यांच्याकडे मुका घेतात तो असा. गाडी सुटली तरी आईनं हात हलवला नाही, तो दादांनीच आतून हलवला. ते कलकत्त्यापर्यंत पोचवायला निघाले होते. आळीत आणि वखारीत त्यांनी सांगितलं होतं की दोघींना थोड्या दिवसांसाठी कलकत्त्याला ओळखीच्यांकडे नेतोय.

त्यांना बोटीवर बसवून दादा परत आले, त्याच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. गौराबाई महिनाभर उरणला लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. ती आली ती पडवीतून हाक मारतच. "म्हातारे, ये गो भायेर! नातू झालाय मना!" आई बाहेर गेली. गौराबाई म्हणाली, "म्हातारी कुठं हाय?"

आई म्हणाली, "गेली."

गौराबाईची टोपली हातातून निसटली. "आगो बाय माजे! कवा? मी व्हती तवा तर चांगली व्हती." आणि ती तिथंच बसून मोठ्यानं रडायला लागली. आईनं सांगायला तोंड उघडलं, मला ते दिसलं. परत गेली, रंगूनला गेली, एवढंच म्हणायचं होतं. पण तिचं सगळं तोंड वेडंवाकडं झालं, ती उंबरठ्यावर कोसळली आणि गौराबाईच्या मांडीत डोकं घालून असा हंबरडा फोडला की कारखान्यातली माणसं हातातलं काम टाकून धावत आली. गौराबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. "रड गो बाय, रड. आय व्हती तुजी."

आईनं मान वर केली. "तुला कुणी सांगितलं?"

"सांगाया कशाला पायजे? तुजंच तोंड व्हतं तिला. आख्ख्या आळीला ठावं हाय. तुमी बोलत नव्हता म्हून आमी बी नाय बोललो."

दुपारपर्यंत आळीतल्या बायका येऊन गेल्या. कुणी पिठलं-भात आणला, कुणी ताक. जवल्याच्या वासानं नाकाला पदर लावणाऱ्या शेजारणींनी आमची चूल पेटू दिली नाही. वखारीचे मालक तर दादांना बरोबर घेऊनच आले. "सासूबाई गेल्याचं कळलं," ते आईला म्हणाले. "नाना, तुम्ही मला बोलला नाहीत." दादा दारात उभे होते. बोट अजून रंगूनला लागलीही नसेल. आजी डेकवर कुठंतरी आडोशाला चिरूट ओढत बसली असेल, आणि ताई तिच्याजवळ. दादांना हे सांगता येत नव्हतं, कारण मग तिला का पाठवलं तेही सांगावं लागलं असतं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. म्हणाले, "वय झालं होतं."

लग्न झालेल्या मुलीनं आईचं सुतक तीन दिवस पाळायचं असतं. आईनं ते पाळलं. कोपऱ्यात घोंगडी टाकून बसली, येणाऱ्या प्रत्येकीजवळ रडली, आणि "माझी आई, माझी आई" असं उघड, सगळ्यांदेखत म्हणाली. चौथ्या दिवशी न्हाऊन उठली आणि चुलीला लागली. पुढं त्या दोघींची काहीच खबर आली नाही. आजी खरोखर कधी गेली, आमच्या घरात कुणालाच कळलं नाही. त्या तीन दिवसांत ती जिवंत होती हे फक्त दादांना, आईला आणि मला ठाऊक होतं. आम्ही तिघांनी एकमेकांजवळही ते कधी काढलं नाही.